इंजिनाचा रंग

आमच्या घरी १९९२ सालची एक हिरो होंडा सीडी १०० होती. 'होती' म्हणायला जीभ अजून वळत नाही. पडवीतल्या कोब्यावर तिच्या स्टँडचे दोन खळगे आणि तेलाचा एक काळा डाग आजही आहे, आणि अम्मा रोज सकाळी त्या डागाला वळसा घालूनच केर काढते. त्या गाडीच्या इंजिनाला आम्ही घरच्या घरी रंग कसा दिला, त्याची ही हकीकत. आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. उर्दू माध्यमात शिकलो, उर्दू माध्यमातच शिकवतो. तिथे 'हम' म्हणायची जी सवय लागली ती मराठी लिहितानाही सुटत नाही. शिवाय या प्रकरणात जे घडले ते एकट्याच्या नावावर घ्यायला थोडा संकोचही वाटतो.

अब्बा जहाजावर होते. मुरुड-जंजिऱ्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर मुसलमानांच्या पुष्कळ घरांची ओळख या एका वाक्यात संपते. खलाशी म्हणून चढले, सुखाणी झाले आणि टंडेल होऊन उतरले. जहाजावरचा खलाशी बंदरात आणि दर्यात सर्वांत जास्त वेळ काय करतो, असे आम्ही लहानपणी विचारले, तेव्हा त्यांनी 'रंग' असे एका शब्दात उत्तर दिले होते. आम्हाला वाटायचे, वादळाशी झुंजत असतील. ते हातोडीने गंज झाडत असत, तारेच्या ब्रशाने घासत असत, तांबडा प्रायमर लावत असत आणि त्यावर रंग. एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले टोक पुन्हा गंजलेले असे.

१९९२ साली लांब सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी ही गाडी घेतली. सीडी १०० बाजारात आली १९८५ साली. आपल्याकडची हिरो सायकलवाल्यांची कंपनी आणि जपानची होंडा यांनी मिळून हरियानात धारुहेड्याला ती काढली. तोवर आमच्या बाजूला राजदूत आणि येझदी. दोन्ही टू-स्ट्रोक, पेट्रोलात ऑइल मिसळायचे, मागे धुराची शेपटी. ही फोर-स्ट्रोक, ९७.२ सीसीची, आवाज शिलाई मशीनसारखा, आणि पेट्रोल पिते की नुसते हुंगते असा प्रश्न पडावा इतकी काटकसरी. हिरो आणि होंडा २०१० साली वेगळे झाले. आमच्या टाकीवर मात्र दोन्ही नावे शेवटपर्यंत शेजारी शेजारी होती.

नोकरी लागल्यावर गाडी आमच्याकडे आली. शाळा राजपुरी खाडीच्या पलीकडे. आगरदांड्याला जेटीवर गाडी चढवायची, दिघीला उतरवायची, संध्याकाळी उलट. खाडीतला वारा अंगावर बरा वाटतो, पण तो नुसता वारा नसतो. त्यात पाणी असते आणि पाण्यात मीठ. घरी येऊन चष्मा पुसला की काचेवर पांढरा थर निघे. चष्म्यावर जे बसायचे ते इंजिनावरही बसायचेच.

अॅल्युमिनियमला गंज चढत नाही असे आपण मुलांना शिकवतो. ते अर्धे खरे आहे. हवा लागली की अॅल्युमिनियम स्वतःभोवती ऑक्साइडचा पातळ पडदा धरते आणि त्या पडद्यामुळे आतले धातू वाचते. पण मिठातले क्लोराइड त्या पडद्याला बारीक भोके पाडते. मग रंगाच्या आत शिरून पांढरी भुकटी तयार होते, रंग फुगतो, खपली पडते, आणि खाली देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. त्यात सीडी १०० चे सिलिंडर जवळजवळ आडवे, तोंड पुढच्या चाकाकडे. चाकाने उडवलेला चिखल, रेती, खारट पाणी सगळे सिलिंडरभोवतीच्या पातळ पट्ट्यांत जाऊन बसते. गॅरेजवाले त्यांना फिन म्हणतात. या इंजिनात पाण्याची टाकी नाही, पंखा नाही. आतली धग या पट्ट्यांवाटे वाऱ्याला द्यायची, एवढीच व्यवस्था. पट्ट्या बुजल्या की इंजिन तापते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढले. त्याचे वर्णन करत बसत नाही. ज्यांनी पाहिले त्यांना नको आहे आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना पटणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. आमच्या घराची कौले गेली, पडवीवर माड पडला आणि त्या पडवीत गाडी होती. वीज कित्येक दिवस आली नाही, वर कोरोना, शाळा बंद. माड कापून गाडी बाहेर काढली तेव्हा सिलिंडरच्या दोन पट्ट्या तुटल्या होत्या आणि पायदान वाकले होते. या गाडीचे पायदान इंजिनाच्या पोटाला बोल्टने बसवलेले असते. ते वाकताना त्याने बोल्टाजवळ क्रँककेसला चीर पाडली. केसासारखी, बोटभर लांब. गाडी चालू झाली, पण रात्रभर उभी राहिली की खाली रुपयाएवढा तेलाचा डाग पडे. अब्बांनी विचारले तेव्हा आम्ही 'पॅकिंग गेलंय' म्हणालो. त्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांना वाकून बघता येत नव्हते. त्या वेळी ते खोटे बोलण्यासाठी नव्हते, एका म्हाताऱ्या माणसाला आणखी एका नुकसानीची बातमी कशाला द्यायची म्हणून होते. पुढे मात्र ती सोय आम्हाला उपयोगी पडली.

२०२३ च्या उन्हाळ्यात गाडी विकायचे ठरले. घरावर वादळानंतर घातलेले पत्रे तीन पावसाळे काढून थकले होते. मृगाच्या आत छप्पर नीट करायचे तर पैसे हवेत. आम्ही शाळेसाठी हप्त्यावर स्कूटर घेतली होती आणि सीडी १०० नुसती उभी होती. जुन्या गाड्या घेऊन सजवणारा पनवेलकडचा एक तरुण फोटो पाहून म्हणाला, इंजिन दिसायला स्वच्छ असेल तर सव्वीस हजार देतो.

आमचा एक जुना विद्यार्थी मामाच्या गॅरेजात काम करतो. आठवीत असताना ऑनलाइन शाळेच्या वर्षात तो सुटला. घरात एकच फोन, तोही बाप मासेमारीला जाताना घेऊन जाई. वर्गाच्या पटावर नाव होते, मुलगा नव्हता, आणि आम्ही दर महिन्याला पट बरोबर असल्याची सही करत होतो. त्याने गाडीखाली आडवे होऊन बॅटरी मारली आणि म्हणाला, "सर, हे आर्गन वेल्डिंगचं काम आहे. इंजिन पूर्ण खोलावं लागेल, केस पनवेलला पाठवावी लागेल. सहा-सात हजार धरा." मग थोडे थांबून, "नाहीतर तेल काढून दोन पुड्यांची लांबी भरा, वर काळा रंग मारा. दिसणार नाही. पण टिकेल असं मी म्हणणार नाही."

आम्ही दुसरा मार्ग घेतला. सव्वीसमधून सात गेले तर छपराचे गणित बसत नव्हते.

अब्बांना आम्ही सांगितले की गाडी द्यायची आहे, देण्याआधी इंजिन रंगवू. ते खूश झाले. पण रंग काळा म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडल्या. "कंपनीचा चांदीचा होता." तेव्हा आम्ही त्यांना विज्ञान शिकवले. काळा, चमक नसलेला पृष्ठभाग उष्णता लवकर बाहेर टाकतो, उघडे चकचकीत अॅल्युमिनियम कमी टाकते. हे अगदी खरे आहे, पाठ्यपुस्तकात आहे. गाडी धावताना बहुतेक धग वाराच घेऊन जातो, रंगाचा वाटा त्यात थोडा, हेही खरे आहे. ते आम्ही गाळले. आणि चांदीच्या रंगाखाली लांबीचा फुगवटा दिसतो, काळ्यात बुडतो, हे तिसरे खरे तर बोलण्याचा प्रश्नच नव्हता. बी.एड.ला आम्हाला उदाहरण कसे निवडावे हे शिकवले होते. कोणते सत्य कधी सांगावे हे आम्ही स्वतःच शिकलो.

मे महिन्याच्या सुट्टीत काम काढले. अब्बा पडवीत पाट घेऊन बसले आणि आम्हाला वाटले होते की ते बघतील. त्यांनी तारेचा ब्रश हातातून घेतला. "पयलं खरव. जुना रंग, माती, मीठ, सगलं. मंग रंगाचं बोल." दोन दिवस नुसते खरवडणे चालले. घासलेटने तेलकटपणा काढायचा, जुन्या टूथब्रशने पट्ट्यांच्या सांध्यांतली घाण, मग साबणाचे पाणी, मग कोरडे. टूथब्रश जिथे जात नव्हता तिथे अब्बांनी एमरी पेपरची पट्टी फाडून दोन पट्ट्यांच्या मध्ये घातली आणि बूट पुसतात तशी पुढेमागे ओढली. पांढरी भुकटी लुंगीवर पडत होती. एकेका खड्ड्यापाशी ते थांबत, नखाने चाचपत, पुन्हा घासत. आम्ही शिकवतो त्या वर्गात एवढ्या शांतपणे एक ओळ गिरवणारे मूल आम्हाला क्वचित भेटले.

तुटलेल्या दोन पट्ट्यांच्या कडांना त्यांनी कानस मारली. "तुटलं तं तुटलं, निदान बोट कापू नये." खालची बाजू आम्ही रात्री करू म्हणालो. रात्री, ते इशाची नमाज पढून झोपल्यावर, तेल काढले, चीर थिनरने पुसली, लांबी भरली.

प्रायमरवरून एक खटका उडाला. अब्बांचा आग्रह तांबड्या रेड ऑक्साइडचा. आयुष्यभर त्यांनी दुसरे काही लावले नव्हते. आमचा विद्यार्थी तिथेच उभा होता. तो हळूच म्हणाला, "चाचा, तो लोखंडाचा. हे अॅल्युमिनियम आहे, आणि तापणारं. तो जळून खपली धरेल." अब्बा त्याच्याकडे बघत राहिले. आम्हाला वाटले आता भडकतील. त्यांनी डबा बाजूला सरकवला आणि विचारले, "मंग काय लावायचं सांग." त्याने सांगितले: साध्या एनॅमलचा उपयोग नाही, धगीने पिवळे पडून जळते, सिलिकॉनचा, उष्णता सहन करणारा स्प्रेचा डबा आणायचा, त्याला वेगळा प्रायमर लागत नाही, फक्त खाली धातू कोरडा आणि तेलाचा अंश नसलेला हवा. शेवटचे पुसणे थिनरने, आणि त्यानंतर हात लावायचा नाही, कारण बोटालाही तेल असते. शाळा सोडून तीन वर्षे झालेला तो मुलगा बोलत होता आणि सत्तरी ओलांडलेला टंडेल मान हलवत होता.

मग झाकायचे काम. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून तोंडात चिंध्या कोंबल्या, प्लग जागेवर ठेवला, चेसिसला कागद गुंडाळायचा होता. आम्ही कोपऱ्यातला 'इन्किलाब'चा गठ्ठा उचलला. अम्माने आतून ओरडून हात थांबवला. उर्दू पेपरात अल्लाहचे नाव असते, आयत असते. आमच्या घरात तो ना भजी पुसायला वापरतात ना कपाटात अंथरायला. वर्षातून एकदा गठ्ठा बांधून मशिदीत देतात. म्हणून मराठी पेपर शोधला. शेजारचे कोळी काका कुंपणापलीकडून बघत होते. ते म्हणाले, "आमच्या पेपरात काय देव नसतात काय रे? पहिल्या पानावर गणपतीचा फोटो आहे बघ." अब्बांनी तो कागद काढून घेतला, घडी घातली आणि काकांच्या हातात दिला. शेवटी आमच्या गाडीला मराठी पेपराची छोट्या जाहिरातींची पाने तेवढी मिळाली. भाड्याने देणे आहे, नावात बदल, हरवले आहे.

किनाऱ्यावर मे महिन्यात सकाळी दव आणि संध्याकाळी दमट वारा. रंगाला दोन्ही वाईट. साडेदहा-अकराला ऊन तापल्यावर सुरू केले. विद्यार्थ्याने बजावले होते, "सर, एकदम जाड नका मारू. धुकं पडतं तसं मारा." हातभर अंतर ठेवून, हात सारखा हलता ठेवून, पहिला थर असा की खालचा धातू दिसावा. दहा-पंधरा मिनिटे थांबून दुसरा. मग तिसरा. पट्ट्यांच्या मुळाशी रंग साचू द्यायचा नाही, कारण तिथे जाड थर बसला की तोच पांघरूण होतो आणि धग आत कोंडतो. हे सगळे आम्ही पाळले. फक्त पोटाखाली, बोल्टाजवळ, आम्ही धुके पाडले नाही. तिथे चार-पाच वेळा डबा रोखला.

हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, तापून होतो. दुसऱ्या दिवशी ताजे तेल भरले, जेमतेम लिटरभर, आणि गाडी स्टँडवर चालू केली. उभ्या गाडीला वारा नसतो, म्हणून समोर टेबलफॅन ठेवला. दहा मिनिटे चालवून बंद, पूर्ण थंड. मग वीस मिनिटे. मग अर्धा तास. पहिल्या खेपेला रंगाचा वास घरभर झाला आणि पातळ धूर निघाला. इंजिन मात्र असे दिसत होते की अम्मासुद्धा दारात येऊन म्हणाली, "आता कशाला विकतोस?"

तिसऱ्या खेपेनंतर अब्बा पाटावर बसून बघत होते. फॅन बंद झाला होता. त्या शांततेत कोब्यावर टप्प असा आवाज झाला. पाणी नव्हते ते. अब्बांनी अम्माचा हातआरसा मागवला आणि बॅटरी. आरसा जमिनीवर ठेवून इंजिनाच्या पोटाखाली सरकवला, बॅटरी तिरपी धरली. जहाजात जिथे मान जात नाही तिथे असेच बघतात, हे त्यांनीच कधीतरी सांगितलेले. आम्ही उभे होतो तिथूनही आरशात दिसत होते. रंगाला करवंदाएवढा फोड आला होता आणि फोडाच्या टोकाला तेलाचा मणी. आत तेलाचा अंश राहिला की वरचा रंग धरत नाही, हे आम्हाला दोघांनी सांगितले होते. खूप वेळ त्यांनी पाहिले. मग आरसा आमच्याकडे दिला. "पूस. अम्माचा आहे."

त्यापलीकडे एक शब्द नाही. रात्री जेवताना छपराच्या पत्र्यांविषयी बोलले. आम्ही वाट बघत होतो की ते विचारतील आणि आम्ही सांगू. विचारले असते तर बरे झाले असते. मकतबात बसत होतो तेव्हापासूनचा एक किस्सा रात्रभर डोक्यात होता: मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत पैगंबरांनी (स.) हात घातला आणि बोटांना ओल लागली, वर कोरडे, खाली भिजलेले. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. पाऊस लागला हे त्या व्यापाऱ्याचे खरेच असेल. आमचेही वादळ खरेच होते. सकाळी फजरनंतर आम्ही फोड खरवडला, पुन्हा थिनर, पुन्हा लांबी, पुन्हा काळा. एवढे सगळे आठवूनही तेच केले. कारण गिऱ्हाईक रविवारी येणार होते.

रविवारी तो तरुण जुहरच्या वेळी आला. गाडी बघून त्याचा चेहरा खुलला. टाकीवरच्या दोन्ही नावांचा फोटो काढला, किक मारली, पहिल्या किकला चालू. इंजिनावरून हात फिरवून "घरी केलंत?" असे विचारले आणि खिशातून पाकीट काढले. आम्ही कागदपत्रांची पिशवी आणायला आत वळलो होतो. २०२२ साली पेणला जाऊन नोंदणीचे नूतनीकरण केलेले होते, त्याच वर्षी फी तीनशेची हजार झाली होती, ती पावतीही पिशवीत होती. मागे अब्बांचा आवाज ऐकू आला. ते नमाज पढून टोपीतच पडवीत आले होते.

"अम्माचा आरसा आण."

आरसा आणून दिला. त्यांनी तो आमच्या हातून घेतला नाही, त्या मुलाला द्यायची खूण केली.

"खालून बघ, बाला. पायदानाच्या बोल्टाकडे. चिरलंय. आम्ही बुजवलंय."

अब्बा आमच्या कोकणी बोलीत आयुष्यभर 'मी' म्हणत आले. त्यांच्या तोंडून असे 'आम्ही' त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

मुलगा आडवा झाला, बघितले, नखाने टोकरले. उठून कपडे झाडले. म्हणाला, जुन्या गाडीत असे असतेच, पण वेल्डिंगचा खर्च धरावा लागेल. अब्बा म्हणाले, धर. पनवेलला काय लागते हे त्यांनी आमच्या विद्यार्थ्याकडून आधीच विचारून ठेवले होते. आकडा त्यांनीच सांगितला, सात हजार. एकोणीस हजारांवर व्यवहार झाला. पैसे मोजून त्यांनी अम्माच्या हातात दिले. गाडी आम्ही जेटीपर्यंत चालवत नेली नाही. तो घेऊन गेला आणि आम्ही वळणापर्यंत उभे राहिलो.

छप्पर झाले. कमी पडले ते पतपेढीतून काढले, त्याचे हप्ते अजून पगारातून जातात. त्या विषयावर आमच्यात आणि अब्बांच्यात आजवर बोलणे झालेले नाही. मध्ये एकदा त्या तरुणाने केस वेल्ड करून इंजिन पुन्हा बसवल्याचा फोटो पाठवला. त्याने काळा काढून चांदीचा रंग दिला होता. अब्बांना दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि परत दिला.

डब्यात थोडा काळा रंग उरला होता. पाऊस सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात अब्बांनी विहिरीची कप्पी उतरवून घेतली. दोन दिवस ती मांडीवर घेऊन खरवडत होते. रंगवायच्या वेळी आम्हाला हाक मारली. त्यांच्या बोटात आता डब्याचे टोपण दाबण्याइतका जोर नाही. ते कप्पी फिरवत होते आणि आम्ही रंग मारत होतो. एका जागी थेंब ओघळला तेव्हा त्यांनी काम थांबवले, तो पुसायला लावला, वाळू दिला आणि मग पुढचा थर. डबा अजून न्हाणीघराच्या फळीवर आहे. हलवला की आतली गोळी वाजते.